जुन्या चाली आणि नवा करार

रविवारच्या उपासनेला जाणे आम्ही सात महिने बंद ठेवले होते. देवाशी भांडण नव्हते, पाळकसाहेबांशीही नव्हते. भांडण होते ते व्यासपीठाच्या डाव्या अंगाला टांगलेल्या एका पांढऱ्या पडद्याशी. त्या पडद्यावर गीतांच्या ओळी उमटत, आणि त्या ओळींत ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका असत की ज्याने आयुष्यभर मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या त्याचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जावा. उपासनेला न जाण्याचे हे कारण आम्ही चारचौघांत सांगत असू. खरे कारण निराळे होते. ते स्वतःशी कबूल करायलाही आम्हांस बराच वेळ लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची मंडळी लहान आहे. 'मंडळी' हा शब्द ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला थोडा फसवतो. घरची मंडळी, नाटक मंडळी, भजनी मंडळी अशा शेजारात तो वाढलेला आहे. आमच्याकडे एका चर्चचे सारे सभासद मिळून एक मंडळी होते. तिचा कारभार पंच पाहतात आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते. तीत वर्षभर मौन पाळणारे लोकही हिशेबाच्या एखाद्या कलमावर तासभर बोलतात. पाचोरा हे काही फार मोठे गाव नव्हे, म्हणून आमच्या चर्चचे नाव येथे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

मुंबईहून भुसावळला जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव आणि जळगाव यांच्या मध्ये पाचोरा लागते. हिवरा नदीकाठचे, कापसाचे, जिनिंगचे गाव. खानदेश-वऱ्हाडाचा हा पट्टा अमेरिकेतून आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचा. अकोला हे तिचे मुख्य ठाणे, आणि भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव अशी तिची ठाणी रेल्वेच्या रुळांना धरूनच पसरली. नवापूर-नंदुरबारकडे, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशात, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ही दुसरी संस्था आली. पुढे तिने आपले नाव बदलले. दोन्हींच्या नावात अलायन्स असल्यामुळे लहानपणी आम्हांस त्या एकच वाटत. नगर जिल्हा तिसऱ्यांचा, अमेरिकन मराठी मिशनचा. मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते, त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणूस कोणत्या पंथाचा हे पुष्कळदा त्याच्या श्रद्धेवर नव्हे, तर त्याच्या तालुक्यावर ठरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अनेक पंथ एक झाले, तेव्हा नगरची मंडळी त्यात गेली. अलायन्सच्या मंडळ्या बाहेरच राहिल्या.

आमच्या घराण्याचा आरंभ छप्पनच्या दुष्काळात होतो. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. आमचे आजोबा त्या दुष्काळातले अनाथ पोर. मिशनच्या अनाथाश्रमात ते वाढले. त्यांचे गाव कोणते, आईबापांचे नाव काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे एक अंदाजाचे वय आणि दाखल झाल्याची तारीख एवढेच होते म्हणे. लोक कुळाचा इतिहास सात पिढ्या मागे नेतात, आमचा एका ओळीत संपतो. अशा घरात जन्मलेल्या माणसाला खरे तर नव्या आरंभाचे भय वाटू नये. आम्हांस वाटले.

वडील रेल्वेत होते. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करीत जामनेरला जाणारी छप्पन किलोमीटरची नॅरोगेज गाडी, जिला सारा तालुका 'पी.जे.' म्हणे, तिच्यावर त्यांची नोकरीची बरीच वर्षे गेली. आठवडाभर पी.जे. आणि रविवारी पेटी, हे त्यांचे जीवन. चर्चमध्ये व्यासपीठाच्या पायरीशी ते सतरंजीवर बसत, पेटीचा भाता डाव्या हाताने हलवीत आणि 'उपासना संगीत'मधले गीत सुरू करीत. रेव्हरंड टिळकांची भजने ते अशी म्हणत, की आम्ही पुढे विद्यापीठात अभंग-ओवीच्या छंदांवर व्याख्याने ऐकली तेव्हा त्यांतले निम्मे आम्हांस कानाने आधीच येत होते. मराठी शिकवण्याचा व्यवसाय आम्ही का पत्करला, असे कोणी विचारले तर आम्ही ज्ञानेश्वरांचे नाव घेत असू. घ्यायला हवे होते त्या पेटीचे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चर्च व पी.जे. एकाच आठवड्यात बंद झाली. पी.जे. पुन्हा धावलीच नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज व्हायचे ठरले. चर्च उघडले. राज्यातील प्रार्थनास्थळे प्रथम १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, तो दिवाळीचा पाडवा होता. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. सरकारने मुहूर्त पाहिले ते बहुसंख्यांचे, हे उघड आहे. पण आमच्या मंडळीतल्या बायकांनी दोन्ही वेळा चर्चच्या दारात रांगोळी काढली आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. आत मात्र बाकांवर पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. काही माणसे गेली होती, काही मुलांकडे पुण्या-मुंबईला निघून गेली होती. कपाटातल्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती आणि तिच्यावर बसणारे नंतरचे गृहस्थही टाळेबंदीतच वारले.

रिकाम्या बाकांवर हळूहळू जी कुटुंबे बसू लागली ती नवापूरकडची. कोणी शिक्षक, कोणी रेल्वेत, एक बाई चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यातून आलेल्या परिचारिका. ही माणसे काही नवख्रिस्ती नव्हेत. त्यांच्या तीन-चार पिढ्या मंडळीत गेलेल्या. पण घरी ती मावची बोलतात, आमच्या गल्लीत अहिराणी, आणि चर्चमध्ये चालते ती छापील मराठी. टाळेबंदीत त्यांच्या पोरांनी मोबाइलवरून उपासना चालवली होती. आवाज कसा घ्यायचा, ओळी पडद्यावर कशा दाखवायच्या, हे ती शिकली होती. मे २०२२ च्या सर्वसाधारण सभेत त्यांच्या वतीने ठराव आला. गीतांच्या पुस्तकांऐवजी पडदा असावा, पेटीऐवजी कीबोर्ड असावा, आणि दर रविवारी निदान एक गीत मावचीतून म्हणावे.

त्या ठरावाविरुद्ध आम्ही चाळीस मिनिटे बोललो. साहित्याचा माणूस सभेत बोलू लागला की जे होते ते झाले. आम्ही स्टीफन्सच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'पासून सुरुवात केली, बाबा पदमनजींवर पाच मिनिटे घेतली, टिळकांवर पंधरा. मराठी ख्रिस्ती माणसाजवळ जमीन नाही, सत्ता नाही, संख्याही नाही. त्याच्याजवळ आहे ते एक वाङ्मय, आणि तेही आपण पडद्यावरच्या अशुद्ध ओळींत बुडवणार काय, असा आमचा समारोप होता. टाळ्याही पडल्या. मग पाळकसाहेबांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. पहिल्या बाकावरून, लुगड्याच्या पदरातून, सर्वांत आधी जो हात वर गेला तो आमच्या सख्ख्या आत्याचा. वय वर्षे चौऱ्याऐंशी. 'उपासना संगीत'ची तिची प्रत फडक्यात बांधून ठेवलेली असते आणि ती उघडावी लागत नाही, कारण तिला सारे पाठ आहे. तिने हात वर केल्यावर उरलेल्या म्हाताऱ्यांनीही केले. ठराव संमत झाला. पुढच्या रविवारपासून आम्ही घरी बसलो.

घरी बसून आम्ही लेख लिहायला घेतला. शीर्षकही ठरले होते, आणि ते आज सांगण्याची लाज वाटते. प्रतिपक्षाचा फडशा पाडायचा तर पुरावे हवेत, म्हणून 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. टिळकांची चरित्रे काढली. पुरावे पुष्कळ मिळाले; पण ते एकेक करून पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहू लागले.

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये पुष्कळसे जे गायले जाई ते इंग्रजी गीतांचे भाषांतर असे, आणि ते इंग्रजी चालीवर गायले जाई. मराठी शब्दांचे आघात त्या चालीत कुठेही पडत. टिळकांच्याही पूर्वी नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, पदे रचली. पुढे टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हे सारे चर्चच्या आत आणले. टाळ-मृदंग ही मूर्तिपूजकांची वाद्ये, ती येथे कशाला, हा आक्षेप त्या काळी घेतला जाई. आणि आक्षेप घेणारे सगळेच गोरे नव्हते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या घराची आठवण देणारा आवाजच नको असे, यात नवल नाही. म्हणजे आम्ही ज्या पेटी-भजनाला परंपरा म्हणून कवटाळून बसलो होतो, तो कोणाच्या तरी हयातीत ठरावाला आलेला बदल होता. आमच्यासारखेच कोणीतरी तेव्हा चाळीस मिनिटे बोलले असेल.

भाषेच्या शुद्धतेचा आमचा मुद्दाही फार काळ टिकला नाही. 'नवा करार' हे ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या उत्तरार्धाचे नाव आम्ही जन्मापासून ऐकतो. त्यातला 'करार' अरबी-फारसीतून, कचेरीच्या व दस्तऐवजांच्या वाटेने आलेला. 'पवित्र शास्त्र' संस्कृत. 'बाप्तिस्मा' मूळ ग्रीक. 'पाळक' मात्र थेट मेंढपाळाच्या वाड्यातला. 'नवा जन्म' हा शब्द पाहावा: 'पुनर्जन्म' हा तयार शब्द हाताशी असून तो घेता येत नव्हता, कारण त्याच्या पाठीवर चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे ओझे, म्हणून दोन साधे शब्द शेजारी बसवून काम भागवावे लागले. ज्या भाषेला आम्ही आमची शुद्ध वारशाची भाषा म्हणत होतो ती अशी चार बाजारांतून गोळा केलेली आहे, आणि ती गोळा करणाऱ्यांना तेव्हा कोणी शाबासकी दिली नसेल. मग तीत मावचीच्या चार ओळींनी काय बिघडणार होते?

पण आम्हांस अधिक अडवले ते लक्ष्मीबाईंनी. टिळकांचे ख्रिस्ती होणे चटकन सांगता येते: १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन भेटला, त्याने नवा करार हाती दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा झाला. (रेल्वेच्या गावच्या आम्हां लोकांना यातला आगगाडीचा डबा फार आवडतो.) लक्ष्मीबाईंचे तसे नाही. नवरा गेला त्या वाटेने त्या गेल्या नाहीत. किती वर्षे ताटातूट, नातेवाइकांकडे राहणे, मग एकत्र येऊनही सोवळे वेगळे, पाणी वेगळे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो कोणी मन वळवले म्हणून नव्हे. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हे त्यांच्या स्वतःच्या डोक्यात एकदा लख्ख झाले, आणि तेही पाण्याच्या घोटासारख्या साध्या गोष्टीतून. ती पाच वर्षे त्या हट्टी होत्या असे म्हणून चालत नाही. त्या वेळ घेत होत्या. 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना आम्ही त्यांच्या विनोदावर भर देत असू; परीक्षेतही तोच प्रश्न येई. त्या विनोदाखाली एक बाई आपले देव, भांडी, भाऊबंद एकेक करून हातावेगळे करते आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगितल्याचे आठवत नाही.

आणि टिळक तरी एकदाच बदलून थांबले काय? १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, ज्या वयात आम्ही निवृत्तिवेतनाचे कोष्टक मांडत होतो त्या वयात, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ती त्यांच्या घरात आधीपासूनच होती म्हणा. आपल्या धरणगावचा ठोंबरे, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात जो 'बालकवी' झाला, तो नगरला त्यांच्याच घरी राहिला. ख्रिस्ती न होता, घरचा मुलगा होऊन. ५ मे १९१८ ला आमच्याच लोहमार्गावर, जळगावच्या पुढल्या भादली स्टेशनाजवळ, तो गाडीखाली गेला. एका वर्षाने, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. आपले दहन व्हावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. मराठी चर्चला तेही नवीनच होते.

लेख तसाच पडून राहिला. डिसेंबरात आत्याला ताप आला म्हणून तिच्या घरी गेलो. पेटी तिथे, ट्रंकेवर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली दिसली. चर्चचे कपाट रिकामे करताना तिने ती मागून आणली होती. आम्ही पेटीकडे पाहत राहिलो, आणि आत्या आमच्याकडे.

"कसाले रुसस रे तू?" तिने विचारले. ती रागावली किंवा माया आली म्हणजे अहिराणीत जाते; दोन्हींतले कोणते, ते ओळखायला चेहरा पाहावा लागतो.

आम्ही वाङ्मय, परंपरा वगैरे काही सांगू लागलो. तिने हाताने थांबवले. मग जे सांगितले ते आम्ही साठी ओलांडेपर्यंत ऐकले नव्हते. तिच्या लहानपणी चर्चमध्ये मडमेची पायपेटी होती, पायाने भाता मारायची, बाजाच्या उंचीची. मडम गेल्यावरही वर्षानुवर्षे तीच वाजे. आमच्या वडिलांनी गावातल्या एका भजनी मंडळाकडून जुनी हातपेटी विकत आणली आणि एका रविवारी सतरंजी टाकून खाली बसले, तेव्हा अर्धी मंडळी उठून बाहेर गेली. आजोबा त्यांत पहिले. अनाथाश्रमात त्यांना जे पहिले गाणे शिकवले होते ते त्या पायपेटीवर; आपल्या मुलाने ते देवळाबाहेर काढले असे त्यांना वाटले. ते वर्षभर उपासनेला आले नाहीत.

"मग कसे आले?"

"कसे म्हणजे? नाताळ आला," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाने पेटीवर त्यांचेच गाणे घेतले. म्हातारा दारात उभा राहून ऐकत होता." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पेटी तुझ्या बापाची होती, बाबा. देवाची नव्हती. तुला बाप पाहिजे, तर तसं सांग ना. सभेत कसाले भाषण करस?"

याच्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री वर्षअखेरच्या भक्तीला आम्ही गेलो. दारात परिचारिकाबाईंनी 'सर आले' म्हणत जागा करून दिली. सात महिन्यांबद्दल कोणी काही विचारले नाही, आणि ते आम्हांस विचारण्यापेक्षा जड गेले. कीबोर्डमधला तयार ठेका आम्हांस तेव्हा आवडला नाही आणि आजही आवडत नाही; यंत्र सर्व गीतांना एकाच चालीने चालवते, आणि भजनात द्रुत होत जाण्याची जी गंमत आहे ती त्याला कळत नाही. हे आम्ही त्या पोरांना स्पष्ट सांगितले आहे. मावची गीत झाले. शब्दांपैकी फार थोडे समजले, पण धृपदाकडे परत येण्याची त्याची तऱ्हा ओळखीची होती. आमच्या पुढच्या बाकावरची एक म्हातारी, जी मराठी गीतांच्या वेळी नुसते ओठ हलवीत असे, ती मोठ्याने गात होती. ती गाऊ शकते हेच आम्हांस माहीत नव्हते. शेजारच्या बाकावर ती आमच्या देखत सहा-सात महिने बसली होती.

बारा वाजता सर्वांनी एकमेकांना सलाम केला. कीबोर्ड वाजवणारा मुलगा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला, जवळ आला आणि म्हणाला, "सर, पडद्यावर चुका होतात माहीत आहे. तुम्ही शनिवारी तपासून द्याल का?" आम्ही हो म्हटले. नाही म्हणण्याची आमची ऐपत नव्हती.

तेव्हापासून दर शनिवारी रात्री मोबाइलवर गीतांची फाइल येते. आम्ही 'आशिर्वाद'चा 'आशीर्वाद' करतो. कधी तो मुलगा एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतो, आणि टिळकांची एखादी ओळ समजावून सांगताना आम्ही आवरते घेत नाही, ही जुनी सवय. पेटीचा भाता त्याने जळगावला नेऊन बदलून आणला. ती आता सणाच्या दिवशी कीबोर्डशेजारी असते. वाजवणारा अजून शिकतो आहे, आणि बेसूर आहे.

गेल्या शनिवारच्या फाइलीत टिळकांचे एक गीत होते, आणि प्रत्येक कडव्याखाली देवनागरीत त्याचे मावची रूप. मराठीत दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. खालच्या ओळींपाशी लाल पेन थांबले. तिथे ऱ्हस्व कोणते, दीर्घ कोणते, ते आम्ही ठरवू शकत नव्हतो. फाइल परत पाठवताना लिहिले: वरचे पाहिले आहे, खालचे बरोबर आहे का ते तुझ्या आजीला विचार.